नवशिक्याचे पहिले जेट : मामा-भाच्यांचा एक संवाद

प्रोपेलरची छोटी विमाने जमिनीवरून रेडिओच्या साह्याने उडविण्यात ज्याचा हात बऱ्यापैकी बसला आहे, उड्डाण आणि अवतरण या दोन्ही क्रिया ज्याला दुसऱ्याच्या मदतीवाचून निभावता येतात, आणि ज्याच्या मनात आता जेटची हाव उत्पन्न झाली आहे, अशा माणसाने आपले पहिले जेट कोणत्या जातीचे आणि कोणत्या किमतीचे घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराने सोडवावा असा दिसतो. परंतु या छंदात मुरलेली दोन माणसे त्यावर बोलू लागली, की मालाची चौकशी मागे पडून शिक्षण कशाला म्हणावे आणि काटकसर कशाला म्हणावे, याचीच चर्चा सुरू होते. असा एक संवाद ऐकण्याचा योग मला इंग्लंडातील डर्बी या गावी आला. बोलणाऱ्यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्यातील मामा-भाचे हे नातेच येथे पुरेसे आहे. मामांची सारी नोकरी नाशिकजवळच्या ओझरच्या त्या कारखान्यात झाली, जेथे सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ विमाने बांधली गेली. फावल्या वेळात बाल्सा लाकूड कोरून विमाने करण्याचा त्यांचा नाद निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. भाचा डर्बीतच टर्बाइनांच्या धंद्यात अभियंता आहे आणि रविवारी, पाऊस नसेल तर, एका क्लबच्या गवताळ मैदानावर जेट उडवितो. मामा उन्हाळ्यात त्याच्याकडे राहावयास आले होते, आणि नाशकातील एका तरुण स्नेह्याला पहिल्या जेटविषयी सल्ला कळवावयाचा होता. तेवढ्या निमित्तावर पुढील संभाषण झाले.

भाचा : मामा, त्याला सरळ कळवा, की पैसे साठव, वर्षभर थांब, आणि लाकडी बांधणीचे, उंच पंखाचे, रॉकेलवर चालणाऱ्या टर्बाइनचे शिकाऊ विमानच घे. इंग्लंडात बूमरँग या नावाने इन्ट्रो, एलान अशी जी विमाने निघाली, किंवा अमेरिकेत रिअ‍ॅक्शन-५४ म्हणून जो लाकडी संच मिळू लागला, ती सारी याच हेतूने आखलेली आहेत. पंख जाड आणि ऐसपैस, चाके मजबूत, पोटात हात घालून काम करता येईल एवढे मोठे झाकण, आणि टर्बाइन कोठे खोल आत न दडविता पाठीवर उघडे बसविलेले. दिसावयास ही विमाने लढाऊ नाहीत, त्यांच्याकडे पाहून कोणी तोंडात बोट घालीत नाही. पण नवशिक्याला दिसण्यापेक्षा उतरण्याची गरज अधिक असते, हे ओळखून ज्यांनी रेषा ओढल्या त्यांचे हे काम आहे.

मामा : विमान चांगले आहे, याबद्दल माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुझ्या हिशेबाला. तू सांगाड्याची किंमत सांगतोस आणि पाठीवर बसलेल्या त्या नळकांड्याची किंमत पोटात ठेवतोस. सांगाडा एक वेळ परवडेल. पण साठ-ऐंशी न्यूटन रेट्याचे टर्बाइन नवे घ्यावयाचे म्हटले, की दोन हजार डॉलरच्या आगेमागे बोलणे सुरू होते. त्यात जकात, वाहतूक, सर्वो, रिसीव्हर, बॅटऱ्या मिळविल्या की नाशकातला मध्यम पगाराचा माणूस घरात तोंड दाखवू शकत नाही. उलट विजेच्या मोटरीवर फिरणारा, नळीत बसविलेला पंखा ज्यात असतो, ते तुमचे ईडीएफ म्हणतात ते फोमचे जेट मोटर-सर्वोंसकट तीनचारशे डॉलरांत पदरात पडते. ऐंशी मिलिमीटर पंख्याचे फ्रीविंग अवंती घे, नाही तर शिकणाऱ्यासाठीच काढलेले ई-फ्लाइटचे हाबू घे. ज्याला परवडणारे म्हणावयाचे ते हे.

भाचा : किमतीचा आकडा तुमचा बरोबर आहे, पण तो खर्च कोणत्या सदरात लिहावयाचा, याविषयी माझा मतभेद आहे. फोमचे विमान हा खर्च आहे, टर्बाइन हे भांडवल आहे. आज ते शिकाऊ विमानाच्या पाठीवर आहे; दोन हंगामांनी तेच यंत्र काढून दुसऱ्या, वेगवान विमानात बसवाल. बहुतेक कारखानदार पंचवीस तासांच्या चालीनंतर ते तपासणीस पाठवा असे सांगतात. एक उड्डाण सात मिनिटांचे धरले तर पंचवीस तासांत दोनशेहून अधिक उड्डाणे होतात. आणि हे यंत्र आज एवढ्या किमतीला मिळते, यामागे केवढी तपश्चर्या आहे, हे तुमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्या माणसाने विसरू नये. येथून फार दूर नसलेल्या लटरवर्थला फ्रँक व्हिटलने आपले इंजिन वाढविले आणि १९४१ च्या मे महिन्यात ग्लॉस्टरचे पहिले ब्रिटिश जेट क्रॅनवेलला उडाले. पण तेच तत्त्व हातात मावेल एवढ्या आकारात आणणे हे त्यानंतर कित्येक वर्षे अशक्यप्राय मानले जात होते. १९९० च्या आसपास जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या हत्यारांनी जे टर्बाइन करून दाखविले, त्याचे हवा दाबणारे चक्र चक्क प्लायवूडचे होते, कार्बनच्या तंतूंनी आवळलेले. आणि त्यांनी कृती गुप्त न ठेवता ग्रंथरूपाने सर्वांना दिली. फ्रान्सातील जेपीएक्स कंपनीची पहिली विक्रीची टर्बाइने प्रोपेन वायूवर चालत. आज एक कळ फिरविली, की छोटी मोटर चक्राला गती देते, प्रज्वलक लाल होतो, रॉकेलचे थेंब आत जातात, आणि लहानसा संगणक तापमान व फेरे पाहून पंपाला हुकूम देत देत यंत्राला संथ गतीवर आणून सोडतो.

मामा : थांब, तो देखावा मी कालच तुझ्या मैदानावर पाहिला, आणि कोणीही मोहात पडावे असाच तो आहे, हे कबूल करतो. विमान गवतावर उभे, शेपटीमागे कोणी नाही याची खात्री केलेली, तुझा सोबती कर्बवायूचे अग्निशामक नळकांडे हातात धरून बाजूला. आधी बारीक किणकिण, मग धस्स असा एक आवाज, मग तो चढत जाणारा सूर, आणि रॉकेलचा जळका वास, ज्याने मला थेट ओझरच्या चाचणी-पट्टीची आठवण झाली. पण मोह हा हिशेबाच्या वहीत कोठे लिहावयाचा? तू यंत्राला भांडवल म्हणतोस. भांडवल ते, जे संकटात शिल्लक राहते. विमान नाकावर आपटले, मागून सहाशे अंशांची झळ आणि पुढे फुटलेली रॉकेलची टाकी अशी गाठ पडली, की तुझे भांडवल, तुझा सांगाडा आणि मैदानातले वाळलेले गवत यांचा एकच जमाखर्च होतो. माझे फोमचे विमान आपटले तर वाकलेल्या जागी उकळते पाणी ओतावे, फोम फुगून वर येतो. तुटलेल्या जागी गोंद लावावा आणि संध्याकाळी पुन्हा उडवावे.

भाचा : फोम जोडता येतो हे खरे, पण त्या विमानाने शिकविले काय, हे विचारा. प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल पुढे केले की त्याच क्षणी ओढ येते, शेपटीवरून वारा वाहू लागतो आणि विमान हाताला उत्तर देते. थ्रॉटल मागे घेतले की प्रोपेलर स्वतःच ब्रेकचे काम करतो. ईडीएफमध्ये शेपटीवरचा तो वारा नाही, पण बाकीचे सारे जवळजवळ तसेच आहे : थ्रॉटलचे उत्तर तात्काळ येते, आणि मोटर बंद केली की पंखा आडवा येऊन विमानाचा वेग उतरतो. टर्बाइनचा स्वभाव याच्या अगदी विरुद्ध आहे. संथ गतीवरून पूर्ण रेट्यावर यावयास त्याला तीन ते पाच सेकंद लागतात. आता विमान अवतरणाच्या अखेरच्या टप्प्यात ताशी सत्तर किलोमीटरने येत आहे असे धरा. चार सेकंदांत ते ऐंशी मीटरच्या जवळपास पुढे सरकलेले असते. कुंपण जवळ आले, विमान खाली बसत आहे, हे दिसल्यावर ज्याने थ्रॉटल पुढे केले, त्याला रेटा मिळतो तो कुंपण ओलांडल्यावर, किंवा कुंपणात शिरल्यावर. आणि उलट दिशेनेही तीच गोष्ट : संथ गतीवरही टर्बाइन थोडासा रेटा देतच असते, त्यामुळे वेग किंचित अधिक राहिला तर विमान जमिनीला टेकावयाचे नावच घेत नाही, मैदान संपते तरी तरंगत राहते. हा सारा धडा टर्बाइनवाचून शिकविता येत नाही. विजेच्या पंख्यावर ज्याचे हात तयार झाले, त्याला ते हात विसरावे लागतात.

मामा : मग तो धडा तुझे शिकाऊ विमान कसे शिकविते, तेवढे सांग.

भाचा : फ्लॅपने, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या, खाली सोडता येणाऱ्या पट्ट्यांनी. नवशिक्याला वाटते, फ्लॅप हे फक्त विमान हळू उडावे म्हणून असतात. ते तर आहेच. पण जेटमध्ये त्यांचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. फ्लॅप पूर्ण खाली सोडले की हवेचा अडथळा एवढा वाढतो, की उतरण्याच्या मार्गावर विमान टिकवून धरण्यासाठी थ्रॉटल थोडे पुढेच ठेवावे लागते. म्हणजे टर्बाइन संथ गतीवर झोपी जात नाही, मधल्या फेऱ्यांवर जागे राहते, आणि तेथून पूर्ण रेट्यापर्यंत पोहोचावयास त्याला फारच कमी वेळ लागतो. बूमरँगच्या जातीच्या विमानांत पंखाचा पसारा मोठा, म्हणून पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर पडणारे वजन कमी; आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाही तो, या पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पंखभार चौपट झाला तर तो वेग दुप्पट होतो. दहा किलोंचे विमान ऐंशी चौरस डेसिमीटरच्या पंखावर ठेवले, फ्लॅप चांगले असले, की ते ताशी पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत हवेत टिकावे असे गणित निघते. साठाने आणून उतरविले तरी हातात काही राखून राहते. शिवाय टाकी विमानाच्या तोलाच्या जागीच बसविलेली, म्हणजे रॉकेल संपत जाताना नाक वर-खाली होत नाही. मोठे असल्यामुळे दूरवरही ते उलटे की सुलटे हे डोळ्याला कळते. या सुखसोयी छोट्या फोमच्या विमानात कोठून आणणार?

मामा : गणित सुरेख आहे, मी त्यात एकच दुरुस्ती सुचवितो. तू हे गणित डर्बीच्या पंधरा अंशांच्या गार हवेत मांडलेस. आमचे नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि एप्रिलात पारा चाळिसावर असतो. तेथील हवेची घनता तुझ्या हवेच्या मानाने जवळजवळ सातव्या हिश्शाने कमी. म्हणजे तेच विमान, तोच पंख, पण उचल मिळविण्यासाठी वेग आठ टक्क्यांनी अधिक हवा, आणि पातळ, उष्ण हवेत तुझ्या टर्बाइनचा रेटाही घटणार. शिवाय येथे गवताचे गालिचे, तेथे मुरूम. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या चक्रात बारीक खडा गेला तर काय उरते, हे मी तुला सांगावयास नको.

भाचा : म्हणूनच टर्बाइन पाठीवर असते, मामा! चाकांनी उडविलेली धूळ आणि खडे खालीच राहतात, तोंडावर जाळी बसविता येते. पोटाखाली हवेची तोंडे असलेली लढाऊ विमानांची प्रतिकृती घेतली, तर तुमची भीती शंभर टक्के खरी ठरेल. आणि तुम्ही तर मिगच्या कारखान्यातले. मधली पायरी गाळल्याने काय होते, हे तुमच्या इतके कोणी जवळून पाहिले नसेल. आपल्या हवाई दलातली मुले किरणसारख्या सौम्य जेटवर शिकत आणि तेथून पुढे त्यांना मिग-२१ ला सामोरे जावे लागे, जे उतरताना ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने येई. या दोहोंच्या मध्ये एक प्रगत शिकाऊ जेट हवे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ साली केली. त्यासाठी हॉक विमानांचा करार झाला २००४ साली आणि बिदरच्या हवाई तळावर ती विमाने दाखल झाली २००८ साली. सव्वीस वर्षे ही पायरी कागदावरच राहिली. तुमचे फोमचे विमान ही माझ्या दृष्टीने खालचीच पायरी आहे. ती चढून माणूस टर्बाइनपाशी आला, तरी मधले अंतर तसेच उरते.

मामा : दाखला तू चांगला काढलास, पण अर्धा सांगितलास. हॉकमध्ये बैठका किती असतात?

भाचा : दोन. एकामागे एक.

मामा : आणि मागच्या बैठकीवर कोण बसतो? शिक्षक. हॉकचा पंख, हॉकचे इंजिन, हॉकचा वेग हे सारे महत्त्वाचे आहे. पण ते विमान शिकाऊ ठरते ते त्या मागच्या बैठकीमुळे. किरणमध्ये तो शेजारी बसे. ती बैठक काढून टाक आणि शिकाऊ पोराला एकट्याला त्यात बसव. विमान तेच राहील, पण त्याला शिकाऊ विमान म्हणण्याची माझी तयारी नाही. आता तुझ्या बूमरँगची मागची बैठक मला दाखव.

भाचा : ती जमिनीवर आहे. शिक्षकाचा ट्रान्समीटर आणि शिष्याचा ट्रान्समीटर जोडलेले असतात. शिक्षकाने कळ दाबून धरली तोवर विमान शिष्याच्या हाती, सोडली की त्या क्षणी शिक्षकाच्या हाती. आमच्या क्लबात नव्या माणसाला टर्बाइन एकट्याने उडविण्याची मुभाच नाही. या देशात ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनच्या ए आणि बी अशा प्रमाणपत्रांच्या परीक्षा आहेत. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेली अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स टर्बाइनसाठी निराळा परवाना मागते आणि ताशी दोनशे मैल ही वेगाची सीमा घालून देते. अग्निशामक कोणता असावा, प्रेक्षक किती दूर असावेत, याचीही कलमे आहेत. मी स्वतः शिकलो तो असाच, दुसऱ्याच्या विमानावर, दुसऱ्याच्या टर्बाइनवर. स्वतःचे यंत्र नंतर घेतले.

मामा : आता आपले बोलणे जमिनीवर आले. तू डर्बीत शिकलास म्हणून तुला टर्बाइन स्वस्त पडले. त्याच्या किमतीत शिक्षक, कापलेले गवत, अग्निशामक धरून उभा असलेला सोबती, आणि विम्याचे कागद हे सारे तुला वेगळे दाम न मोजता मिळाले. आमच्या त्या मुलाजवळ यांपैकी काय आहे? कायद्याचे म्हणशील तर तो आडवा येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोंपर्यंतच्या, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी उडविलेल्या आणि डोळ्यांच्या टप्प्यात ठेवलेल्या प्रतिकृती-विमानाची स्वतंत्र व्याख्या आहे. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत जाता येते, विमानतळाजवळ मात्र निर्बंध, आणि ओझरच्या आसपास तर नाव काढावयास नको. पण नियमांनी मुभा दिली म्हणून शिक्षक कोठून येतो? दिवसभर मोटार हाकून जेथे कोणी टर्बाइन जाणणारा मनुष्य भेटेल, अशी जागा त्याने आधी शोधावी. आणि ती सापडेपर्यंत त्याने दोन हजार डॉलर पेटीत ठेवावेत.

भाचा : आणि तोपर्यंत फोमचे जेट उडवावे?

मामा : उडवावे. तुझे त्यावरचे आक्षेप मी नाकारीत नाही. पण फोमचे जेट जे शिकविते तेही थोडे नाही. विमान दिसते तोवर त्याचा कल ओळखणे; ताशी दीडशे-पावणेदोनशेच्या वेगात वळण कोठे सुरू करावयाचे ते आधीच ठरविणे; शेपटीवर वारा नसताना उड्डाणाची धाव धीराने पुरी होऊ देणे आणि वेग येण्यापूर्वी नाक न उचलणे; आणि सर्वांत मुख्य म्हणजे वेळेचे भान. सहा सेलांची बॅटरी जवळजवळ शंभर अँपिअर देऊन तीन-चार मिनिटांत रिकामी होते. म्हणजे आकाशात गेल्यावर काय करावयाचे हे जमिनीवरच ठरलेले असावे लागते. ही शिस्त ज्याच्या अंगी बाणली, तो टर्बाइनपाशी उमेदवार म्हणून जातो, भिकारी म्हणून जात नाही.

भाचा : तर मग माझ्या काही अटी त्या पत्रात लिहा. त्या मुलाने फोमचे जेट घेताना लढाऊ विमानाच्या रूपावर भुलू नये. त्रिकोणी पंखाचे, बुटक्या पंखाचे, किंवा रॉकेटासारखे निमुळते विमान घेऊ नये. पंख सरळ किंवा किंचित मागे झुकलेला, नाकाखाली व पंखांखाली धट्टीकट्टी चाके आणि फ्लॅप हवेतच, म्हणजे हवेत. मुरमावर उतरावयाचे तर चाके मोठी हवीत, आणि घडी होणाऱ्या चाकांपेक्षा पक्की बसविलेली चाके पहिल्या वर्षी बरी. त्यात आपोआप तोल सांभाळणारा जायरो असेल तर आरंभी तो चालू ठेवावा, पण पुढे एकेक उड्डाण त्याच्यावाचून करीत जावे; कारण जायरो चुका सुधारतो तेव्हा त्या झाकतोही. आणि हे लिहा, की प्रत्येक अवतरण फ्लॅप पूर्ण सोडून, थ्रॉटल थोडे पुढे ठेवून करावयाची सवय आत्तापासून लाव; विजेच्या पंख्याला त्याची गरज नसली तरी तुझ्या हातांना पुढे ती लागणार आहे.

मामा : हे मला मंजूर आहे. त्याला लाकडाचेही काम शिकावयास सांगतो. फोम जोडणे ही मलमपट्टी आहे. प्लायवूडचे आडवे कप्पे, बाल्साच्या पट्ट्या, वरून इस्त्रीने चढविलेले आवरण, यांतील तुटलेला भाग कापून तेवढाच नवा बसविणे ही विद्या आहे, आणि तुझ्या त्या लाकडी शिकाऊ विमानांचा मोठा गुण हाच, की ही विद्या ज्याला येते त्याला सांगाडा बहुधा एकदाच विकत घ्यावा लागतो. आता तूही एक कबूल कर. शिक्षक न मिळाला, तर टर्बाइन न घेण्याचा सल्ला तू त्याला देशील?

भाचा : देईन. पण शिक्षक मिळाला, तर फोमवर दुसरा हंगाम वाया घालवू नकोस, असेही सांगेन. त्या दिवशी तीनशे डॉलरांचे आणखी एक विमान घेणे ही काटकसर नव्हे, ती टाळाटाळ आहे.

येथे दोघांचा संवाद संपला, कारण जेवणाची पाने मांडली गेली होती आणि पत्राचा मजकूरही जवळजवळ सिद्ध झाला होता. माझ्यापुरता निवाडा मी असा करतो. भाचा म्हणतो त्याप्रमाणे टर्बाइनचा स्वभाव टर्बाइनच शिकवू शकते, आणि उंच पंखाचे लाकडी शिकाऊ विमान हे त्यासाठी आजवर निघालेल्या साधनांत सर्वांत शहाणे साधन आहे, यात शंका घेण्यास जागा नाही. परंतु ते साधन परवडते की नाही, याचा निर्णय दुकानातील चिठ्ठीवर होत नाही. ते किती वेळा अखंड उतरते यावर तो होतो, आणि नवशिक्याच्या हातून ते अखंड उतरण्याची तरतूद पंखाने थोडी, फ्लॅपने थोडी, पण बाजूला उभ्या असलेल्या जाणत्या माणसाने मुख्यत्वे केलेली असते. मामांची मिळकतीवर नजर आहे आणि भाच्याची कौशल्यावर; दोघांच्याही हिशेबातील मोठी रक्कम शिक्षकाच्याच नावे निघते.

तेव्हा ज्या वाचकाला हा नाद लागला असेल, त्याने खरेदीचा बयाना देण्यापूर्वी एक रविवार काढून जेथे जेट उडतात अशा मैदानावर जावे, जोडलेल्या ट्रान्समीटरवर एखादे उड्डाण मागून घ्यावे, आणि उतरताना टर्बाइन किती उशिरा उत्तर देते हे स्वतःच्या बोटांनी अनुभवावे. तेथे शिकविणारा मनुष्य आपला म्हणून मिळाला, तर पैसे साठवून टर्बाइनचे शिकाऊ विमान खुशाल घ्यावे, जुने चालविलेले मिळाल्यास अधिकच उत्तम, मात्र त्याच्या यंत्राचे चालीचे तास आणि तपासणीचे दप्तर पाहूनच. तसा मनुष्य न मिळाला, तर फोमचे जेट घ्यावे, सरळ पंखाचे आणि फ्लॅपचे, आणि मनुष्याचा शोध चालू ठेवावा. शिक्षकही नाही आणि मैदानही नाही, अशा स्थितीत मात्र कोणतेही जेट, मग ते कितीही सवलतीत मिळो, महागच पडते.